खेळातले अनोळखी सोबती

वर्ध्याच्या बसस्थानकावर आर्वीच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाशी एखादा अपरिचित इसम सलगी करू लागला, त्याचे नाव-गाव विचारून त्याला खाऊचे आमिष दाखवू लागला, तर आई-वडीलच काय, पण शेजारी उभा असलेला कोणताही जाणता मनुष्य त्या इसमाला हटकल्यावाचून राहणार नाही. तोच मुलगा संध्याकाळी घरातल्या खाटेवर बसून, कानांत इयरफोन घालून, दहा-पंधरा अपरिचितांशी तासभर बोलत असतो; परंतु ‘पोरगं घरीच आहे’ एवढ्या एका जाणिवेने घरातील सर्वांच्या मनाला स्वस्थता असते. बसस्थानकावर ज्याला आपण धोका समजतो त्यालाच घरात करमणूक समजतो, हे कसे घडते? मुलांचा हट्ट आणि पालकांची बेपर्वाई असे सोपे उत्तर यावर देता येईल. पण ते अपुरे आहे. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची रचनाच अशी आहे की, परक्या माणसाची चाहूल घरातल्या इतरांना लागत नाही आणि खेळणाऱ्या मुलाला तो माणूस परका वाटत नाही. ही रचना समजून घेतल्याखेरीज तिच्यातील धोक्याचा बंदोबस्त करता येणार नाही.

चढत्या प्रश्नांची हकिकत

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत, राज्याच्या पोलीस मुख्यालयात, सायबर जागृती महिन्याचे उद्घाटन झाले. त्या समारंभात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरी काही महिन्यांपूर्वी घडलेली गोष्ट जाहीरपणे सांगितली. त्यांची मुलगी अनोळखी खेळाडूंबरोबर एक ऑनलाइन खेळ खेळत होती. समोरून येणारे संदेश शाबासकीचे आणि आभाराचे होते. मग ‘तू कुठून आहेस’ अशी विचारणा झाली. तिने मुंबई असे सांगितले. मग मुलगा की मुलगी, हे विचारण्यात आले. तिने त्याचेही उत्तर दिले. त्यानंतरचा संदेश नग्न छायाचित्राच्या मागणीचा होता. मुलीने तत्क्षणी खेळ बंद केला आणि जाऊन आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास सायबर सुरक्षिततेसाठी द्यावा, अशी विनंती अक्षय कुमार यांनी त्याच व्यासपीठावरून केली.

या हकिकतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, शेवटची मागणी सोडल्यास आधीच्या कोणत्याही वाक्यात आक्षेपार्ह असे काहीही नव्हते. प्रत्येक प्रश्न मागच्या प्रश्नाच्या आधाराने उभा होता, आणि त्यामुळे कोणत्या वाक्याला सावध व्हावे हे प्रौढालाही ठरविता आले नसते. दुसरी ही की, मुलीने ती गोष्ट मनात ठेवली नाही. पुढे जे विवेचन येईल ते या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

प्रवासापुरता शेजार

बीजीएमआय या खेळाच्या एका डावात शंभरापर्यंत, तर फ्री फायरच्या एका डावात पन्नासपर्यंत खेळाडू उतरतात. इतके खेळाडू क्षणार्धात जमविण्याचे काम कंपनीचा मध्यवर्ती संगणक करतो. त्याला सर्व्हर म्हणतात. ‘स्टार्ट’चे बटण दाबताच सर्व्हर त्या क्षणी प्रतीक्षेत असलेल्या हजारो खेळाडूंमधून साधारण सारख्या कौशल्याचे आणि जाळ्याचा वेग जुळणारे खेळाडू निवडतो, आणि एकट्याने आलेल्या मुलाला चौघांच्या पथकात, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘स्क्वॉड’मध्ये, तीन ‘रँडम’ सोबती मिळवून देतो. माइक चालू असेल तर त्या तिघांचे आवाज थेट मुलाच्या कानात येतात. फ्री फायरचा डाव दहा मिनिटांच्या आसपास संपतो. म्हणजे पाच डाव खेळणाऱ्या मुलाची गाठ तासाभरात पंधरा नव्या माणसांशी पडते. ही निवड करताना सर्व्हर कौशल्य पाहतो, वेग पाहतो. शील पाहत नाही, कारण ते पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नाही.

रेल्वेच्या जनरल डब्याशी या पथकाची तुलना करता येईल. नागपूरहून आलेली रेल्वेची वाट वर्ध्याला फुटते. एक फाटा बडनेरा-भुसावळमार्गे मुंबईकडे जातो, दुसरा हिंगणघाट-बल्लारशाहमार्गे दक्षिणेकडे. डब्यात शेजारी बसलेली माणसे एकमेकांची कोणी नसतात. प्रवासापुरता शेजार जमतो, कोणी शेंगदाणे पुढे करतो, कोणी जागेवरून हुज्जत घालतो, आणि स्टेशन आले की ज्याची त्याची वाट निराळी होते. पण डब्यात समोरच्याचा चेहरा दिसतो, वय दिसते, तो शुद्धीवर आहे की नाही हे कळते, आणि मधूनच तिकीट तपासनीस येऊन जातो. खेळाच्या डब्यात यांपैकी काहीच नाही. चाळिशीतल्या इसमाने आपण आठवीत शिकतो असे सांगितले, तर ते खोटे ठरविण्यास मुलापाशी कोणताही पुरावा नसतो. अधिक चमत्कारिक गोष्ट अशी की, हा डबा घरातच उभा असतो, आणि आई-वडील मात्र फलाटावर राहिलेले असतात.

बहुतेक खेळांत वयाची नोंद खेळाडू स्वतःच करतो आणि ती तशीच मान्य होते. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूला पालकाच्या मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी द्यावा लागतो आणि त्याच्या रोजच्या खेळाला तीन तासांची मर्यादा आहे. ही तजवीज चांगली खरी. परंतु ओटीपीवरून एवढेच सिद्ध होते की तो फोन त्या वेळी कोणाच्या तरी हाती होता. मुलाने अठराच्या पुढचे वय लिहिले, किंवा मोठ्या भावाचा क्रमांक दिला, की ती तजवीज निष्प्रभ होते.

चांगला मुलगा शिवी का देतो?

घरात वडीलधाऱ्यांसमोर मान वर न करणारा मुलगा माइकवर अर्वाच्य बोलताना आढळला, म्हणजे पालकांना धक्का बसतो आणि ते संगतीला दोष देतात. जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००४ साली या वर्तनाची जी मीमांसा केली, ती अधिक उपयोगी आहे. आपले नाव कोणास ठाऊक नाही, आपला चेहरा कोणास दिसत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटलेले दुःख आपल्याला दिसत नाही, आणि समोर अधिकाराचे कोणी माणूस नाही, अशा परिस्थितीत मनावरचे नित्याचे निर्बंध सैल होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यात खेळातील हार-जीत, पथकातल्या एकाच्या चुकीने सर्वांचे होणारे नुकसान आणि पुन्हा भेट न होण्याची खात्री यांची भर पडली, म्हणजे तोल सुटण्यास वेळ लागत नाही.

‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ चालविणाऱ्या रायट गेम्स या कंपनीने आपल्या खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास केला, तेव्हा सातत्याने दुर्वर्तन करणारे खेळाडू सुमारे १ टक्का निघाले. आणि एकूण दुर्वर्तनापैकी त्यांच्या वाट्याला सुमारे ५ टक्केच आले. बाकीचे बरेचसे दुर्वर्तन एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी मनःस्थिती बिघडलेल्या माणसांचे होते. याचा अर्थ असा की, निवडक गुंड हुडकून हद्दपार केल्याने मैदान स्वच्छ होणार नाही. त्याच कंपनीने एक छोटा बदल केला: विरोधी संघाशी संभाषणाची सोय काढून टाकली नाही, पण ती आपोआप चालू न ठेवता ज्याला हवी त्याने चालू करावी, असे ठेवले. एवढ्याने वाईट संभाषण ३० टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले संभाषण जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढले. रागाच्या भरात बटण शोधण्याचे कष्ट कोणी घेत नाही. बोलावयाचे आहे असे ठरवूनच बोलणारा माणूस पुष्कळदा बरे बोलतो.

दुर्वर्तनाचे प्रकार अनेक आहेत. ‘नूब’ म्हणजे नवशिका म्हणून हिणविणे, जातीवरून वा प्रांतावरून बोलणे, मुद्दाम आपल्याच पथकाला हरविणे, हॅक वापरून जिंकणे, आणि मुलीचा आवाज ऐकू येताच तिच्या मागे लागणे. यांतील शेवटच्या प्रकारामुळे पुष्कळ मुली माइक बंद ठेवून किंवा मुलाच्या नावाने खेळतात. फुकट डायमंड (खेळातले चलन) किंवा स्किन (पात्राचा वा शस्त्राचा पोशाख) देण्याच्या मिषाने दुवा पाठवून आयडीचा पासवर्ड, आणि कधी वडिलांच्या खात्याचा ओटीपी, उकळणारे भामटेही याच गर्दीत वावरतात.

विश्वास संपादन करण्याच्या पायऱ्या

शिवी ऐकू येते, म्हणून तिचा उपाय तरी शोधता येतो. ज्याचे बोलणे गोड असते तो मनुष्य अधिक भयावह होय. मुलाचा विश्वास हळूहळू संपादन करून पुढे त्याचे लैंगिक शोषण करण्याच्या या पद्धतीला ‘ग्रूमिंग’ म्हणतात, आणि तिच्या पायऱ्या बहुधा ठरलेल्या असतात.

पहिल्या पायरीवर तो मनुष्य चांगला खेळतो, मुलाला डाव जिंकून देतो आणि त्याची वाहवा करतो. डाव संपताच तो ‘फ्रेंड रिक्वेस्ट’ पाठवितो. म्हणजे ज्या सहप्रवाशाने पुढच्या स्टेशनवर उतरून जावयाचे, तो आपल्याबरोबर उतरून घरापर्यंत येऊ लागतो. दुसऱ्या पायरीवर भेटवस्तू येते: बीजीएमआयमधील यूसी, फ्री फायरमधील डायमंड, रोब्लॉक्स या खेळातील रोबक्स असे खेळातले चलन किंवा एखादी दुर्मीळ स्किन. ज्या मुलाला घरून पन्नास रुपये मिळण्याची मारामार, त्याला पाचशे रुपयांची स्किन मिळाली, की उपकाराचे ओझे चढते. तिसरी पायरी जागा बदलण्याची: ‘इथं नेट अडकतं, व्हॉट्सॲपवर ये’ किंवा ‘टेलिग्रामवर बोलू’. खेळाच्या कंपनीची थोडीफार देखरेख असते ती येथे संपते. चौथी पायरी गुप्ततेची: ‘घरी सांगू नको, ते फोन काढून घेतील.’ आणि पाचव्या पायरीवर छायाचित्राची मागणी; ते एकदा हाती आले, की धमकी देऊन आणखी छायाचित्रांची किंवा पैशांची वसुली.

हा प्रकार किती पसरला आहे याचा अंदाज अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेकडे येणाऱ्या तक्रारींवरून बांधता येतो. मुलांना ऑनलाइन फूस लावल्याच्या ५,४६,००० हून अधिक तक्रारी तिच्याकडे २०२४ या एका वर्षात आल्या. या संस्थेशी आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ साली करार केला असून, तिच्याकडील भारतासंबंधीची माहिती त्या मार्गे राज्यांच्या पोलिसांपर्यंत पोहोचते.

चौथ्या पायरीवरील वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यात खोटे काहीच नाही. मुलाने घरी सांगितले तर घरचे खरोखरच फोन काढून घेतात, हे गुन्हेगाराला पक्के ठाऊक असते. म्हणजे ज्या शिक्षेला आपण संरक्षण समजतो, तीच त्याच्या हातातले सर्वांत प्रभावी हत्यार ठरते.

यंत्राचा कान कोठे कमी पडतो

कंपन्या यावर काय करतात? लिखित संभाषणासाठी वर्ज्य शब्दांची यादी असते आणि त्यांतला शब्द आला की तो तारांकित होतो. परंतु मराठी शिवी रोमन लिपीत चार प्रकारांनी लिहिता येते, मध्ये अंक घालता येतो, आणि यादी निरुपयोगी ठरते. त्यामुळे पुढची पायरी म्हणून यंत्राला लाखो वाक्यांचे नमुने दाखवून, कोणते आक्षेपार्ह आणि कोणते नाही हे ओळखावयास शिकविले जाते. ज्या भाषेचे नमुने विपुल, तिच्यात यंत्र तरबेज. ज्या भाषेचे नमुने थोडे, तिच्यात ते अडखळते. हिंगणघाटचा मुलगा माइकवर वऱ्हाडी वळणाची मराठी, हिंदी आणि खेळातली इंग्रजी यांची जी सरमिसळ बोलतो, तिचे नमुने कोणी जमविले आहेत?

आवाजाचे काम त्याहून कठीण, कारण बोलणे आधी लिखित स्वरूपात आणावे लागते आणि मग त्याचा सूर व संदर्भ तपासावा लागतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळात आवाजावर देखरेख करणारी यंत्रणा ३० ऑगस्ट २०२३ पासून उत्तर अमेरिकेत, प्रथम इंग्रजीपुरती, सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती जगभर नेण्यात आली, तेव्हा आशिया खंड मात्र वगळण्यात आला होता. शिवाय यंत्र शब्द पकडते, हेतू पकडत नाही. ‘तू कुठून आहेस’ या प्रश्नात वर्ज्य शब्द एकही नाही.

राहिला ‘रिपोर्ट’चा मार्ग. ते बटण दाबल्यावर तक्रारीबरोबर त्या डावाची नोंद कंपनीकडे जाते. यंत्र तक्रारींची छाननी करते, गंभीर वाटलेल्या काही माणसांकडे पाठविते, आणि दोषी ठरलेल्याचा आवाज काही काळ बंद होतो किंवा आयडी कायमचा रद्द होतो. नवा आयडी काढण्यास मात्र काही मिनिटेच लागतात. म्हणून ‘रिपोर्ट’ अवश्य करावा, पण तेवढ्याने काम संपले असे मानू नये.

रचना बदलता येते

रचनेत दोष असेल तर तो रचनेतच दुरुस्त करावा लागतो, आणि जेथे सक्ती झाली तेथे तो दुरुस्त झालेला आहे. ‘फोर्टनाइट’ या खेळात मुलांसाठीही आवाजी व लिखित संभाषण आपोआप चालू असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्स कंपनीने मुलांच्या खासगीपणाच्या भंगापोटी २७.५ कोटी आणि खेळाडूंना फसवून खरेदी करावयास लावल्यापोटी २४.५ कोटी, असे मिळून ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. मुलांचे व किशोरांचे संभाषण मुळात बंद ठेवण्याची अटही तिच्यावर घालण्यात आली. रोब्लॉक्सने जानेवारी २०२६ पासून जगभर, संभाषण वापरावयाचे असल्यास चेहऱ्यावरून वयाचा अदमास घेण्याची पद्धत लागू केली आणि खेळाडूंचे वयोगट पाडले. चीनने २०२१ साली अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. तो मार्ग मात्र वेळ कमी करतो, त्या एका तासातली सोबत बदलत नाही.

आपल्याकडे पब्जी मोबाइल (बीजीएमआयचे आधीचे रूप) २ सप्टेंबर २०२० रोजी आणि फ्री फायर (‘मॅक्स’ हे रूप वगळून) फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाले, ते देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. बालकांचे रक्षण हा त्या हुकमांचा विषय नव्हता. २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई केली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खातरजमा केलेली संमती आवश्यक ठरविली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

कायदा काय म्हणतो?

खेळात घडले म्हणजे खेळापुरते झाले, हा समज चुकीचा आहे. २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम ११ अन्वये लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ ठरतो, आणि कलम १२ प्रमाणे त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली मुलाला लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन संबंधात ओढणे हाही गुन्हा असून, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असा गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे, हेही पोक्सोप्रमाणे शिक्षेस पात्र आहे. मग कळलेला मनुष्य शिक्षक असो वा शेजारी. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात दाखल करता येते. हद्दीची सबब चालत नाही.

चौकट : तक्रार करण्यापूर्वी

• संभाषण पुसू नये. स्क्रीनशॉट घ्यावा, समोरच्याचा आयडी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. मगच ब्लॉक आणि रिपोर्ट करावे.
• मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र पुरावा म्हणूनही नातेवाइकांना वा ग्रुपवर पाठवू नये. फोन थेट पोलिसांना दाखवावा.
• धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.
• सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, बालकांच्या मदतीसाठी १०९८, तातडीच्या प्रसंगी ११२.
• खेळाच्या सेटिंगमध्ये माइक व चॅट फक्त ओळखीच्या मित्रांपुरते ठेवावे, फ्रेंड रिक्वेस्ट बंद करावी, आयडीत खरे नाव, शाळा वा गाव लिहू नये.

घर आणि शाळा

‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, समाजमाध्यमे वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करावे हे येत होते, आणि खाते खासगी कसे ठेवावे हे ५५.२ टक्क्यांना. देशपातळीवरील या आकड्यांची दुसरी बाजू अशी की, दर दहांतील जवळजवळ चार मुलांना नको असलेल्या माणसाला दूर सारण्याची साधी कृतीही ठाऊक नव्हती. ही कृती शिकविण्यास दहा मिनिटे पुरतात.

ती कशी शिकवावी, हे वर्धा जिल्ह्याला परक्याने सांगावयास नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्यातून योजना तयार केली, आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. मुलाने हातांनी काही करावे, शिक्षकाने त्याच्या शेजारी बसून ते करावे आणि त्या कृतीतून ज्ञान यावे, हे त्या शिक्षणाचे सूत्र होते. ऑनलाइन खेळाच्या बाबतीत ते जसेच्या तसे लागू पडते. शाळेच्या प्रार्थनेनंतर दिलेले भाषण मूल संध्याकाळपर्यंत विसरते. पण आईने किंवा शिक्षकाने फोन हाती घेऊन, मुलाच्या शेजारी बसून, खेळ उघडून, त्याच्याकडूनच सेटिंग बदलून घेतली, तर ती त्याच्या हाताला लागते, आणि मोठ्यांना आपल्या खेळाची माहिती आहे हेही मुलाला कळते. खेळ कोणता, पथकात कोण असते, डायमंड कोठून आले, हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात न विचारता जेवताना विचारले, तर त्यांची उत्तरे सहसा मिळतात.

खेळाची रचना बदलणे कंपन्यांच्या आणि सरकारच्या हाती आहे, आणि ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. परंतु गुप्ततेची चौथी पायरी तोडणे सर्वस्वी घराच्या हाती आहे. म्हणून जिल्ह्यातील पालकांना एवढीच विनंती की, खेळात काही विपरीत घडले असता मुलाने येऊन सांगितल्यास त्याचा फोन काढून घेतला जाणार नाही, असा शब्द त्याला आजच द्यावा, आणि तो प्रसंग आलाच तर राग गिळून तो शब्द पाळावा. मुख्याध्यापकांनीही सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता आठवड्यातला एक तास या कामासाठी आताच राखून ठेवावा. त्यासाठी एक फोन आणि एक ऐकून घेणारा शिक्षक एवढे भांडवल पुरेसे आहे.